घराशेजारी मेट्रोचं स्थानक: पुण्यातल्या रहिवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पौड रस्त्याला लागून असलेल्या एका आतल्या गल्लीत राहतो. वनाज ते गरवारे कॉलेज हा टप्पा ६ मार्च २०२२ ला सुरू झाला आणि तेव्हापासून मेट्रोचं स्थानक आमच्या रोजच्या वाटेवर आहे. आता वनाजच्या पुढे चांदणी चौकापर्यंत आणि रामवाडीच्या पुढे वाघोलीच्या बाजूला मार्ग वाढवायला केंद्राची मंजुरी मिळाली आहे (जून २०२५). खडकवासला–स्वारगेट–हडपसर–खराडी आणि नळ स्टॉप–वारजे–माणिकबाग हे मार्गही मंजूर झालेत. त्यामुळे बावधन, वारजे, सिंहगड रस्ता, हडपसर इथले नातेवाईक आणि मित्र तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली आहेत. मेट्रो मला हवी होती, आजही हवी आहे. पण वस्तीतलं स्थानक चांगलं की वाईट, हे वरच्या पुलावर ठरत नाही. ते जिन्याच्या पायथ्यापासून आपल्या दारापर्यंतच्या अर्ध्या किलोमीटरात ठरतं, आणि खालची बरीच उत्तरं फिरून तिथेच येतात.

ही मेट्रो आहे की लाइट रेल? काही जण दोन्ही म्हणतात.

पुण्यात आज धावते ती मेट्रो आहे. रूळ १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजचे, वरच्या तारेतून २५ हजार व्होल्टचा पुरवठा, गाडी तीन डब्यांची. हिंजवडी–शिवाजीनगर मार्ग पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) आहे आणि त्याची रचना थोडी वेगळी आहे. तिथे वर तार नाही, रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्टची वीज घेतली जाते. म्हणून बाणेर-औंधकडचा पूल खालून पाहिला तर वर तारांचे खांब दिसत नाहीत.

लाइट रेलचे डबे हलके असतात, गाडी लहान असते, ती जास्त तीव्र वळणं घेऊ शकते आणि तासाला नेलेले प्रवासी कमी असतात. मनिलात १९८४ पासून आणि लंडनच्या डॉकलँड्स भागात १९८७ पासून अशा गाड्या बऱ्याच अंतरावर उंच पुलांवरून, वस्तीच्या मधून धावतात. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१९ मध्ये लहान शहरांसाठी ‘मेट्रोलाइट’ची मानकं काढली. तिची क्षमता एका दिशेने तासाला साधारण १५ हजार प्रवाशांपर्यंत धरलेली आहे.

रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला हा फरक फारसा जाणवत नाही. रस्त्याच्या मधोमध खांब, दोन्ही बाजूंना उतरणारे जिने, लिफ्ट आणि संध्याकाळची गर्दी दोन्हीकडे सारखीच असते.

आमच्याकडे वरूनच का? पेठांमध्ये भुयारी केली, मग आम्हाला का नाही?

वनाज–रामवाडी मार्गावरची सगळी १६ स्थानकं वर आहेत. पिंपरी-चिंचवड–स्वारगेट मार्गावर शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय (आधीचं सिव्हिल कोर्ट), कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट ही पाच जमिनीखाली आहेत. पेठांमधले रस्ते इतके अरुंद आणि दोन्ही बाजूंचे वाडे इतके जुने, की तिथे रस्त्यात खांब उभा करायला जागाच नव्हती. पौड रस्ता आणि कर्वे रस्त्याला दुभाजक होता, त्यामुळे तिथे खांब बसले. भुयारी मार्गाचा खर्च वरच्या मार्गाच्या साधारण दोन-तीन पट होतो. स्वारगेट–कात्रज मार्गही भुयारी होतोय.

भुयारी झालं म्हणजे वस्ती सुटली असंही नाही. खोल स्थानकाला वायुवीजनाचे मनोरे आणि मोठाली प्रवेशद्वारं लागतात, आणि अनेक वर्षं चालणारं खोदकामही आलंच.

बांधकामाची वर्षं कशी जातात?

कठीण जातात. पुणे मेट्रोचं भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ ला झालं आणि पहिली गाडी २०२२ च्या मार्चमध्ये धावली. मधल्या काळात रस्त्याच्या मधल्या दोन मार्गिका पत्र्यांच्या आड गेल्या आणि सगळी वाहतूक कडेच्या मार्गिकांत आली. त्याबरोबर पदपथावर दुचाकी चढल्या, त्या काही ठिकाणी आजही उतरलेल्या नाहीत. पाया खोदणं, खांबाचं काँक्रीट, त्यावरचा आडवा टोप आणि मग गर्डर, म्हणजे दोन खांबांमधल्या पुलाच्या तुळया, असा क्रम असतो. गर्डर चढवण्याचं काम बहुधा रात्री होतं, कारण तेव्हाच रस्ता बंद करता येतो. झोप मोडते.

एक काम मात्र काम सुरू होण्याच्या आधीच करून ठेवा. इमारत रस्त्याला लागून असेल तर जिना, गच्ची, टाकी, कंपाउंडची भिंत या सगळ्यांचे तारखेसह फोटो काढा. जुन्या तड्यांवर पेन्सिलीने टोक दाखवून तारीख लिहा. मेट्रोच्या ठेकेदाराकडूनही लगतच्या इमारतींची पाहणी होते. ती होताना सोसायटीच्या वतीने कुणीतरी हजर राहावं आणि अहवालाची प्रत लेखी मागावी. नंतर तडा नवा की जुना यावर वाद झाला तर हेच फोटो कामाला येतात.

आवाज किती येतो?

सगळेच पहिल्यांदा हे विचारतात, आणि अनुभवाने सांगतो की भीतीपेक्षा कमी येतो. स्थानकापाशी गाडी हळू असते. आवाज जास्त ऐकू येतो तो दोन स्थानकांच्या मध्ये, जिथे गाडी वेगात असते, आणि वळणांवर, जिथे लोखंडी चाक रुळाला घासतं. खालच्या बस, दुचाकी आणि हॉर्नच्या गोंधळात गाडी दिवसा वेगळी ऐकूच येत नाही.

रात्रीचं गणित वेगळं आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि त्या नियमातली रात्र १० वाजता सुरू होते. मेट्रो ११ वाजेपर्यंत धावते. रस्ता शांत झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या लोकांना त्या शेवटच्या तासात चाकांचा आवाज आणि स्थानकातली उद्घोषणा स्पष्ट ऐकू येते. उद्घोषणेचा आवाज वेळेप्रमाणे कमी करता येतो, भोंग्यांची दिशा फिरवता येते. ही मागणी अगदी रास्त आहे आणि तिला खर्चही नाही. वळणाजवळ घर असेल तर पुलाच्या कडेला ध्वनिरोधक पडदा मागा. तो घराच्या उंचीला नेमका कुठून कुठपर्यंत हवा हे खांबांचे क्रमांक देऊन लिहिलंत तर अर्ज पुढे सरकतो.

प्रवासी आमच्या घरात डोकावतात का?

पूल साधारण तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या पातळीवर असतो, त्यामुळे दिसू शकतं. चालत्या गाडीतून क्षणभरच दिसतं. फलाटावर उभ्या माणसाचं तसं नसतं, तो पाच मिनिटं तिथेच असतो. म्हणून फलाटासमोरच्या इमारतींनी स्थानकाच्या त्या बाजूला अपारदर्शक पत्रे किंवा काच मागावी. गाडी सुरू होण्याआधी मागितलेली बरी.

झाडांचं काय होतं?

काही जातात, हे मान्य करावं लागेल. दुभाजकातली तर जातातच. महाराष्ट्रात १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्याप्रमाणे झाड तोडायला किंवा हलवायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाडावर नोटीस लावावी लागते आणि हरकती मागवाव्या लागतात. मुदत थोडी असते. नोटीस दिसली की त्याच दिवशी फोटो काढा आणि हरकत द्या.

सगळ्यात जास्त लक्ष मात्र जिन्याच्या जागेकडे द्या. खांबांची रांग हलवता येत नाही, पण कडेला उतरणारा जिना आठ-दहा मीटर इकडे-तिकडे होऊ शकतो, आणि तेवढ्यात एखादा जुना वड किंवा पर्जन्यवृक्ष वाचतो. पदपथावरची मोठी सावली स्थानकाइतकीच उपयोगाची आहे. एप्रिलमधल्या दुपारी दोन वाजता स्थानकापर्यंत चालायचं की गाडी काढायची, हे त्या सावलीवरच ठरतं.

लोक आमच्या गल्लीत गाड्या लावून मेट्रोने जातील का?

हो. लावतात, आणि सकाळी साडेआठपासून लावतात.

वस्तीतल्या बहुतेक स्थानकांखाली वाहनतळ नाही. वाहनतळ बांधावा अशी मागणी प्रत्येक सभेत होते, आणि माझं तिच्याशी जुळत नाही. स्थानकाजवळची जमीन पुण्यात आज सगळ्यात महाग. तिथे दीडशे दुचाकी मावतील असा तळ केला तर दीडशे जणांची सोय होते, आणि त्या तळाकडे येणारी वाहनं आपल्याच गल्लीतून येतात. मार्गाच्या टोकाच्या स्थानकांवर, जिथे लोक लांबून येतात, तिथे तळ हवाच. मधल्या वस्तीतल्या स्थानकाला चालत येणारे लोक हवेत.

गल्लीसाठी उपाय आपल्याला माहीतच आहे: पी वन-पी टू, म्हणजे सम-विषम तारखेचं पार्किंग. त्याने निदान एक बाजू मोकळी राहते आणि रुग्णवाहिका, कचऱ्याची गाडी, गॅसची गाडी आत येऊ शकते. ते वाहतूक पोलिसांच्या आदेशाने होतं, त्यामुळे अर्ज त्यांच्याकडे करायचा. एकट्या सोसायटीने केला तर शेजारची गल्ली तुंबते, म्हणून चार-पाच गल्ल्यांनी मिळून करा. आणि आपल्या इमारतीतल्या ज्या गाड्या आतल्या जागेत मावतात त्या आत घ्या. आमच्या गल्लीत दिवसभर रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये आमच्याच गाड्या कमी नव्हत्या.

पदपथाबद्दल इतकं का बोलता?

कारण स्थानकाचा बाकी सगळा भाग कुणीतरी आखलेला, मोजलेला आणि तपासलेला असतो. पदपथ तसा नसतो.

लिफ्टचं दार उघडतं तिथून सुरुवात करू. दारासमोर मेट्रोने घातलेली पिवळी, उंचवट्यांची फरशी आहे. दृष्टिहीन माणसाला पायाने वाट कळावी यासाठी ती असते. ती फरशी आठ-दहा पावलांवर मेट्रोच्या हद्दीबरोबर संपते. पुढे महापालिकेचा पदपथ. त्यावर आधी विजेचा डीपी (वीज वितरणाची पेटी), मग केबलच्या खड्ड्यावरचं हलणारं झाकण, मग झाडाभोवतीचा पार, आणि पार संपतो तिथे दोन दुचाकी. चालणारा माणूस इथे खाली रस्त्यावर उतरतो. रस्त्याच्या त्या कडेला रिक्षा उभ्या असतात, म्हणून तो आणखी एक पाऊल बाहेर सरकतो, म्हणजे थेट बसच्या मार्गात येतो. हे सगळं एका बसथांब्याच्या लांबीत घडतं.

दुसरी गोष्ट आपली स्वतःची आहे आणि ती बोलायला अवघड जाते. प्रत्येक सोसायटीच्या गेटसमोर पदपथ कापून गाडीसाठी उतार केलेला असतो. त्यामुळे पदपथ गेटपाशी खाली जातो, दहा फुटांवर पुन्हा वर चढतो, पुढच्या गेटला पुन्हा खाली. गुडघेदुखी असलेल्या माणसाला किंवा बाबागाडी ढकलणाऱ्या आईला अशा चढउतारांपेक्षा सरळ रस्त्यावरून चालणं सोपं वाटतं, आणि मग आपणच म्हणतो की लोक पदपथ वापरत नाहीत. पदपथ गेटसमोरूनही एकाच पातळीत गेला पाहिजे आणि चढउतार गाडीने सोसला पाहिजे. इंजिनाला तो जड नाही.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत (आयआरसी १०३) चालण्याची अडथळाविरहित रुंदी किमान १.८ मीटर आणि पदपथाची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर सांगितली आहे. १.८ मीटर म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोरून जाऊ शकतील इतकी जागा. पुणे महापालिकेचं २०१६ चं पादचारी धोरणही आहे, आणि जंगली महाराज रस्त्यावरचा रुंद पदपथ पाहिला की हे या शहरात जमतं याची खात्री पटते. डिसेंबरच्या ११ तारखेला लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद करून पादचारी दिनही साजरा होतो. कागद आहे, नमुना आहे, दिवसही आहे. स्थानकाभोवतीच्या ५०० मीटरमध्ये ते उतरवायला रहिवाशांचा नेटाचा पाठपुरावा लागतो.

टेप घेऊन एका रविवारी चालून या. कुठे १.८ मीटर मिळत नाही, त्याचं कारण काय, आणि ते कोणाचं (महापालिका, वीज कंपनी, दुकान, सोसायटी), एवढंच लिहा. अशी यादी अभियंत्याच्या हातात ठेवली की बोलणं ‘पदपथ खराब आहे’ या वाक्याच्या पुढे जातं.

आजी-आजोबांना जमेल का? किती चढायचं असतं?

फलाट रस्त्यापासून चार मजल्यांइतका उंच असू शकतो. आधी रस्त्यावरून तिकिटाच्या मजल्यावर, मग तपासणी आणि दारं ओलांडून तिथून फलाटावर, असे दोन टप्पे. दोन्ही टप्प्यांना लिफ्ट वेगळी, त्यामुळे एकदा उतरून पुन्हा चढायचं असतं. हे आधी माहीत असलं की ज्येष्ठ गोंधळत नाहीत. घरातल्या कुणीतरी पहिल्यांदा बरोबर जावं आणि आपल्या बाजूची लिफ्ट नेमकी कुठल्या जिन्याशी आहे ते दाखवावं. काही स्थानकांवर ती रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला निघते.

शेजारच्या एक आजी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आता एकट्या मेट्रोने डेक्कनला जातात. वरच्या दोन लिफ्टची त्यांना धास्ती नाही. घरापासून लिफ्टपर्यंत मात्र त्यांना कुणीतरी सोबत लागतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार सार्वजनिक वाहतूक आणि तिथवर पोहोचण्याची वाट दोन्ही सुगम असली पाहिजेत, म्हणून लिफ्टपर्यंतची वाट मागताना या कायद्याचा उल्लेख जरूर करा.

लिफ्ट बंद असेल तर स्थानक नियंत्रकाकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्या.

तिकीट न काढता फक्त रस्ता ओलांडायला स्थानकातून जाता येतं का?

तिकिटाच्या दारांच्या अलीकडचा भाग सर्वांसाठी असतो. एका बाजूने चढून त्या मजल्यावरून दुसऱ्या बाजूला उतरता येतं. पौड रस्ता, कर्वे रस्ता अशा ठिकाणी, जिथे सिग्नल लांब आहे, तिथे याचा खरा उपयोग होतो, विशेषतः शाळेच्या मुलांना.

पण यामुळे खालचं झेब्रा क्रॉसिंग काढू देऊ नका. दोन मजले चढून उतरण्यापेक्षा माणूस दुभाजकाच्या फटीतून जातो, हे कुठल्याही पादचारी पुलाशी उभं राहून पाहता येतं. वरची वाट आणि खालचा सिग्नल दोन्ही हवेत.

रिक्षा आणि पीएमपी, म्हणजे शहराची बससेवा?

पूरक बससेवा आणि शेअर रिक्षा यांवर स्थानकाचा पल्ला अवलंबून आहे. दोन स्थानकांमध्ये साधारण एक किलोमीटर अंतर आहे, पण रस्त्यापासून आत, टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेलेली वस्ती दोन-दोन किलोमीटर लांब आहे. तिथून चालत कुणी येणार नाही. बस थांबा जिन्याच्या शक्य तितका जवळ असावा आणि रिक्षाथांबा जिन्याच्या तोंडातून बाजूला असावा, ही जागेची आखणी सुरुवातीलाच होते. नंतर रिक्षा जिथे उभ्या राहायला लागतात तिथून त्या हलत नाहीत.

सायकल मेट्रोत नेता येते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नाही. कोथरूडसारख्या सपाट भागात ही सोय चांगली आहे. स्थानकाखाली सायकलला साखळी लावायला मजबूत कठडा मागा.

पावसाळ्यात पुलाखाली काय होतं?

पुलावरचं पाणी खांबातल्या पाइपांतून खाली येतं आणि ते जमिनीत मुरवायची सोय असते. पाइप तुंबला की पुलाच्या कडेने पागोळ्या गळतात, थेट दुचाकीस्वारांच्या अंगावर. जूनच्या पहिल्या आठवड्याआधी पाइप आणि खालचे चेंबर साफ झाले की नाही हे विचारायला हवं. गळणाऱ्या जागेचा खांब क्रमांक लिहून कळवलं तर दुरुस्ती लवकर होते.

पावसात पुलाखाली दुचाकीस्वार थांबतात आणि रस्ता अडतो, हा प्रश्न सगळ्याच उड्डाणपुलांखाली आहे.

गणपतीच्या मिरवणुकीला अडचण येते का?

लकडी पुलावर हा वाद जोरात झाला होता. २०२१ मध्ये तिथे मेट्रोचा पूल विसर्जन मिरवणुकीच्या रथांना कमी उंचीचा ठरेल म्हणून मंडळांनी हरकत घेतली आणि काम काही काळ थांबलं. वस्तीतल्या मंडळांनी त्यातून एवढं घ्यावं: आपल्या देखाव्याची आणि रथाची उंची आणि मिरवणुकीचा मार्ग आधीच लेखी कळवावा. गर्डर बसल्यावर उंची बदलत नाही. उत्सवाच्या दिवसांत मेट्रो रात्री उशिरापर्यंत धावते, तेव्हा रहिवासी मंडळाने जिन्याजवळ मांडव येणार नाही एवढं पाहिलं की पुरे.

घराची किंमत, भाडं, पुनर्विकास?

पुण्यात घर घेताना १ एप्रिल २०२२ पासून मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभार भरावा लागतो, तुमचं घर स्थानकाजवळ असो वा नसो. स्थानकापासून ५०० मीटरच्या पट्ट्यात पात्र भूखंडांना ४ पर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय), म्हणजे भूखंडाच्या चौपटीपर्यंत बांधकाम, मिळू शकतो, रस्त्याची रुंदी आणि अधिमूल्याच्या अटींवर. कोथरूडच्या आतल्या गल्ल्यांमध्ये चार मजली जुन्या इमारती पाडून उंच इमारती उभ्या राहताहेत, त्यामागचं एक कारण हेही आहे.

पुनर्विकासाच्या बोलणीत सभासद जास्तीची चौरस फुटं विचारतात, ते साहजिक आहे. त्याच बैठकीत आणखी एक मुद्दा टाका. चार मजल्यांच्या जागी चौदा मजले आले की त्याच गल्लीतून पाणी, सांडपाणी आणि गाड्या तिप्पट जाणार. बिल्डरने समोरची पट्टी पदपथासाठी सोडावी, कंपाउंडची भिंत आत घ्यावी आणि गेटचा उतार आपल्या हद्दीत करावा, हे करारात लिहून घेता येतं. एकदा इमारत झाली की हे कुणी करत नाही. मालमत्ता घेणाऱ्यांनी आणि बांधकाम करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की मेट्रोच्या मार्गालगत खोदकाम किंवा बांधकाम करायला मेट्रोची ना-हरकत लागते.

जिन्याखालचे भाजीवाले आणि वडापावच्या गाड्या हटवायला सांगावं का?

सरसकट नको. रात्री साडेदहाला जिना उतरणाऱ्या मुलीला समोर दिवा लावलेली गाडी आणि चार माणसं दिसली तर तिला धीर येतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे विक्रेत्यांना ठरवून दिलेली जागा मिळायला हवी. तीच मागणी करा: जिन्याच्या आणि लिफ्टच्या तोंडापासून दूर, पदपथाची १.८ मीटर वाट सोडून. संध्याकाळी घरी येताना कोथिंबीर आणि दूध वाटेतच मिळालं की गाडी काढायचं आणखी एक कारण कमी होतं.

रात्रीच्या उजेडाचं मात्र आपणच बघायचं. स्थानक लख्ख असतं आणि त्यापुढची गल्ली अंधारी, त्यामुळे उतरल्यावर डोळ्यांना काहीच दिसत नाही. गल्लीतला प्रत्येक दिवा चालू आहे ना, फांद्यांनी झाकला गेला नाही ना, हे दर महिन्याला बघावं.

तक्रार कुठे करायची? सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

जिन्याच्या पहिल्या पायरीपासून वर महामेट्रो, म्हणजे मेट्रो चालवणारी कंपनी (हिंजवडी मार्गावर पीएमआरडीए). पदपथ आणि रस्ता महापालिकेचा पथ विभाग, दिवे विद्युत विभाग, फेरीवाले आणि अतिक्रमण आपलं क्षेत्रीय कार्यालय. पार्किंग आणि सिग्नल वाहतूक पोलीस, बसथांबा पीएमपी, शेअर रिक्षा आरटीओ. डीपी हलवायचा असेल तर वीज कंपनी आणि महापालिका दोन्हीकडे एकच पत्र, एकमेकांना प्रत देऊन. पदपथाच्या मधोमध काही असेल तर फोन करण्यापेक्षा लेखी द्या, आवक क्रमांक घ्या.

स्थानकाचं नाव बदलून मिळतं का?

मिळू शकतं, राज्य सरकारच्या मान्यतेने. आधी बुधवार पेठ म्हणून आखलेलं स्थानक आता कसबा पेठ आहे. नाव जवळच्या ओळखीच्या ठिकाणाचं असलं की नवख्या माणसाला उतरायचं कुठे ते कळतं, त्यामुळे मागणी फलक लागायच्या आत करा.

आमच्याकडे अजून एकही खांब उभा नाही. आत्ता काय करावं?

हीच सगळ्यात चांगली वेळ आहे. माहिती अधिकाराखाली स्थानकाचा आराखडा मागा: प्रवेशद्वारं कुठे, लिफ्ट कोणत्या बाजूला, बसथांबा कुठे, किती झाडं जाणार. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आराखडा हातात आला की तो घेऊन त्याच रस्त्याने चाला, शक्यतो एक ज्येष्ठ नागरिक आणि व्हीलचेअर किंवा बाबागाडी बरोबर घेऊन. जिथे थांबावं लागेल ती जागा नकाशावर खुणवा.

पदपथाच्या कामासाठी महापालिकेचं सहभागी अंदाजपत्रक वापरा. दरवर्षी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागरिकांकडून प्रभागातल्या लहान कामांच्या सूचना मागवल्या जातात, ही पद्धत पुण्यात २००६ पासून आहे. तिथे ‘परिसर सुधारणा’ असं मोघम लिहू नका. ‘अमुक गल्लीच्या कोपऱ्यापासून अमुक सोसायटीच्या गेटपर्यंत, उजव्या बाजूचा पदपथ, एका पातळीत, १.८ मीटर मोकळा’ असं लिहा. शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनी वेगवेगळे पण एकाच सलग पट्ट्याचे अर्ज दिले तर पूर्ण वाट जोडली जाते. अर्जाबरोबर रविवारी टेपने घेतलेली मापं आणि फोटो लावा, आणि क्षेत्रीय कार्यालयात देताना आपल्या प्रतीवर शिक्का घ्यायला विसरू नका.